प्रोग्रॅमने आपणहून पेजर उघडावा का?

तापीकाठ, जळगाव
केळीच्या वखारीच्या हिशेबासाठी मी लिहिलेला कमांड-लाइन प्रोग्रॅम दिवसभरात काट्यावर आलेल्या गाड्यांची यादी दाखवतो. यादी लांबली की वरच्या ओळी निसटतात आणि रावेरच्या एका गाडीचे वजन पाहण्यासाठी माउसचे चाक फिरवीत बसावे लागते. त्यामुळे अशी यादी प्रोग्रॅमने स्वतःच पेजरकडे, म्हणजे लांब मजकूर पडद्या-पडद्याने दाखवणाऱ्या ‘लेस’सारख्या प्रोग्रॅमकडे सोपवावी, असे माझे ठाम मत आहे. कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारा गिट हा प्रोग्रॅम हेच करतो आणि तेही आउटपुट टर्मिनलवर, म्हणजे कमांड लिहायच्या खिडकीत, जात असेल तरच. फाइलमध्ये किंवा पाइपमधून (उभ्या रेघेने जोडून) पुढच्या कमांडकडे जात असेल, तर पेजर मध्ये येत नाही. लेसमध्ये तिरपी रेघ देऊन गाडीचा क्रमांक लिहिला की नेमकी ओळ समोर येते.

लळिंग, धुळे
मला हे मान्य नाही. ज्याला पेजर हवा, तो कमांडपुढे पाइप देऊन लेस लिहील. गेल्या महिन्यात सायंकाळी निघताना मी टर्मिनलवरून एक स्क्रिप्ट सुरू केली. ती एसएसएचला (दूरच्या संगणकावर कमांड चालवणाऱ्या प्रोग्रॅमला) ‘-टी’ हा पर्याय देऊन तीन सर्व्हरवर जाते. त्या पर्यायामुळे पलीकडेही टर्मिनल तयार झाले, प्रोग्रॅमने समोर माणूस बसला आहे असे धरले आणि पहिल्याच सर्व्हरवर पेजर उघडला. सकाळी पाहतो तो खालच्या कोपऱ्यात एकटा अपूर्णविराम, म्हणजे लेस कळ दाबण्याची वाट पाहत थांबलेला, आणि उरलेल्या दोन सर्व्हरचे काम तसेच पडलेले.

सातपुडा, नंदुरबार
नवख्यांचे हाल मी रोज पाहतो. पोरे कंट्रोल-सी दाबतात, लेस त्याने बंद होत नाही, मग ती खिडकीच बंद करतात. ‘क्यू’ दाबायचे, हे त्यांना कोणी सांगितलेलेच नसते.

तापीकाठ, जळगाव
लळिंगभाऊ, आपले नुकसान खरे आहे. परंतु लिनक्सवरील सेवा सांभाळणाऱ्या सिस्टिमसीटीएल या कमांडला ‘नो-पेजर’ पर्याय आहे, तसा तुमच्या त्या प्रोग्रॅमलाही असेल, तर स्क्रिप्टमध्ये तो लिहून भागले असते. मजकूर एका पडद्यात मावत असेल तर लेसने ‘एफ’ या पर्यायामुळे लगेच बाहेर पडावे आणि ‘एक्स’मुळे तो बाहेर पडल्यावरही पडद्यावर राहावा, एवढे मी माझ्या प्रोग्रॅममध्ये आधीच केले आहे. गिटही लेसला हे पर्याय देतो, मात्र वापरणाऱ्याने लेसचे पर्याय स्वतः ठरवलेले असतील तर त्यांना तो हात लावत नाही, आणि ते योग्यच आहे.

लळिंग, धुळे
तो पर्याय आहे हे मला दुसऱ्या दिवशी कळले, भाऊ. पेजर मुळात बंद असावा आणि ज्याला हवा त्याने सेटिंगमध्ये एक ओळ लिहून तो चालू करावा, एवढेच माझे मागणे आहे. आपल्या वखारीत ती ओळ एकदाच लिहावी लागेल.