सातवीतल्या मुलीला फोन द्यावा का? दिला तर कुठला? (सातारा, बजेट 8 हजार)

शाहूपुरीची_आई
नमस्कार मंडळी. मुलगी सातवीत आहे, बारा पूर्ण झालीत. आम्ही दोघं नोकरीला, मी एमआयडीसीत आणि हे कोरेगावला. ती दुपारी शाळेतून येते ते आम्ही येईपर्यंत घरात एकटीच. शेजारच्या काकूंचा आधार होता पण त्या आता निम्मा महिना मुलाकडं पुण्याला असतात. तरी जमत होतं, पण आता क्लासवाल्यांनी गृहपाठ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायला सुरुवात केलीय आणि नंबर मुलांचेच मागितलेत. तिच्या बॅचमधल्या बऱ्याच मुलींकडं फोन आलाय. तिचा हट्ट फारसा नाही, पण दुपारी ती घरी पोचली का, जेवली का, हे विचारायला मला काही साधन नाही आणि ते दिवसभर डोक्यात घोळत राहतं. बजेट 8 हजारच्या आत. सातवीत देणं लवकर होतंय का? आणि द्यायचाच तर बटणाचा की स्मार्टफोन? ज्यांनी मुलांना दिलाय त्यांनी सांगा प्लीज.

मोबाईलवाला_कराड
ताई, माझं दुकान आहे म्हणून स्पष्ट सांगतो, 8 हजारात नवीन स्मार्टफोन घेऊच नका. रॅम कमी पडते, थोड्याच दिवसांत हँग व्हायला लागतो आणि मग लोक आमच्याशी भांडायला येतात. 13-14 पर्यंत जा, 6 जीबी रॅम, 128 स्टोरेज, 5जी, दहावीपर्यंत बघायला नको. टेम्पर्ड आणि कव्हर पहिल्याच दिवशी टाका. आणि सिम तुमच्याच नावावर घ्यायला लागणार, 18 च्या आतल्याला सिम देत नाहीत. म्हणजे त्या नंबरवरनं जे काय होईल ते कागदोपत्री तुमचं. हे सांगितल्याशिवाय मी पोरांसाठी सिम देत नाही कुणाला.

शाहूपुरीची_आई
दादा बजेट 8 च आहे ओ.

कृष्णाकाठी
बटणाचा द्या, डोळे झाकून. आमच्या पोराला सहावीत दिला, विश्रामबागला क्लासला जातंय ते. आईचा, बापाचा आणि क्लासच्या सरांचा असे तीन नंबर स्पीड डायलला टाकून दिलेत, विषय संपला. चार्जिंग दोन-तीन दिवस टिकतंय. फक्त एक बघा, जिओचं सिम टाकणार असाल तर 4जी वालाच बटणाचा फोन लागतो, जिओचं 2जी नेटवर्कच नाही. आमच्यात आजोबांचा जुना फोन दिला होता तर त्याला काही केल्या रेंजच येईना, सासरे म्हणायचे फोन बिघडलाय आणि पोरगं म्हणायचं सिम बिघडलंय. नवीन दीड-दोन हजारात येतोय, तुमचे 6 हजार वाचले.

पुण्यात_सांगलीकर
बटणाच्या फोनवर गृहपाठ कसा बघणार ती? प्रश्न नीट वाचा की.

कृष्णाकाठी
वाचलाय. गृहपाठ आईच्या फोनवर येऊ दे की संध्याकाळी. बारा वर्षांच्या पोरीला दुपारी दोन वाजता गृहपाठ बघायची एवढी काय घाई लागलीय?

विटेकर
स्मार्टफोन देऊ नका. अनुभव सांगतो. माझा पुतण्या पाचवीत, गेम खेळत होता, त्यात कुणीतरी मेसेज केला की फुकट डायमंड मिळतील ही लिंक उघड. फोन वहिनीचा, पिन याला पाठ होता कारण रोज दुकानातनं दूध-ब्रेड आणायला तोच पेमेंट करायचा. पिन टाकला आणि खात्यातनं पैसे गेले. आठ दिवस घरात कुणी नीट जेवलं नाही, पोरगं तर कोपऱ्यातनं उठेना. तेव्हा कुणालाच 1930 नंबर माहीत नव्हता. सगळ्यांनी आत्ताच सेव्ह करा, 1930, सायबर फसवणुकीची तक्रार त्यावर लगेच करायची, जेवढा उशीर तेवढे पैसे पुढच्या पुढच्या खात्यात सरकत जातात. आणि पोरांना एवढं तरी शिकवा की पैसे *मिळायला* पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे पैसे जाणार.

मोबाईलवाला_कराड
+1. पिन पोरांना सांगायचाच नाही. दुकानात रोज एक तरी केस येते असली.

तालमीतला
आमच्या दोन्ही पोरांना फोन नाही. थोरला दहावीत आहे. पहाटे तालमीत, मग शाळा, संध्याकाळी परत तालीम, रात्री नऊला अंग टाकलं की झोप. तालमीत वस्तादांनी दारातच नियम केलाय, आत फोन आणायचा नाही, मोठ्या पैलवानांनी पण नाही. पोराला दमवा, फोनची आठवणसुद्धा येत नाही. कुस्ती नको असेल तर मुलीला कबड्डीला घाला, साताऱ्यात शाहू स्टेडियमला चौकशी करा.

शाहूपुरीची_आई
छान आहे दादा पण ती दुपारी घरी एकटी असते तेव्हा संपर्क कसा करायचा हा माझा प्रश्न आहे...

पुण्यात_सांगलीकर
मी सविस्तर लिहितो कारण हे मी घरी केलंय आणि व्यवस्थित चालू आहे. नवीन फोन घेऊच नका. घरातला जुना अँड्रॉइड फोन पूर्ण रिसेट करा आणि मुलीच्या नावानं नवीन गूगल अकाउंट उघडा. जन्मतारीख खरी टाका!! बहुतेक लोक इथंच चुकतात, पटकन व्हावं म्हणून वय वाढवून टाकतात किंवा स्वतःचंच अकाउंट लावून देतात आणि मग म्हणतात कंट्रोल राहत नाही. 13 च्या आतलं वय टाकलं की गूगल स्वतःच पालकाचं अकाउंट मागतं. मग तुमच्या फोनवर फॅमिली लिंक अ‍ॅप टाका, फुकट आहे. त्यातून रोजची वेळ ठरवता येते, रात्री ठराविक वेळेला फोन लॉक होतो, कुठलंही अ‍ॅप टाकायचं म्हटलं की तुमच्याकडं परवानगी मागतो, फोन कुठं आहे ते नकाशावर दिसतं. आयफोन असेल तर त्यात स्क्रीन टाइम म्हणून सेटिंगमध्येच असतं.

पण हे सगळं करून अर्धंच काम होतं. आमच्या घरात खरा फरक पडला तो रात्रीच्या चार्जिंगनं. सगळे फोन हॉलमधल्या एका बोर्डाला लागतात, बेडरूममध्ये चार्जर ठेवलेलाच नाही, माझ्यासकट. आधी मुलगा पांघरुणात रील्स बघत बसायचा आणि सकाळी उठता उठायचा नाही. आता गजराला साधं घड्याळ आणलंय.

माझ्या मुलाकडं टॅब पण आहे, 10 इंची, अभ्यासाला तोच बरा पडतो, 18 ला घेतला.

कृष्णाकाठी
18 चा टॅब. बाईंनी 8 सांगितलेत.

विटेकर
फॅमिली लिंक पोरं दोन दिवसांत फोडतात. मित्राचा हॉटस्पॉट घेतात, मित्राच्याच फोनवर बघतात. तुम्ही घरात कुलूप लावा, शेजारचं दार उघडंच असतंय.

पुण्यात_सांगलीकर
हॉटस्पॉटनं फॅमिली लिंक बंद होत नाही, लॉक त्या फोनवर असतं, नेट कुणाचंही असू दे. मित्राच्या फोनचं म्हणाल तर त्याला कुठलंच अ‍ॅप पुरं पडणार नाही, तिथं पोराशी बोलायलाच लागतं.

मिरजेची_चष्मेवाली
मी डोळ्यांच्या दवाखान्यात तपासणीचं काम करते. लॉकडाऊननंतर लहान मुलांच्या चष्म्याची गर्दी वाढली ती आमच्याकडं अजून हटलेली नाही. कुठला फोन ते मला नका विचारू, पण द्याल तेव्हा मुलगी रोज उन्हात, निदान उजेडात बाहेर किती वेळ असते ते आधी बघा. दिवसाच्या उजेडात दोन तास घालवणाऱ्या मुलांना लांबचं न दिसण्याचा त्रास सुरू व्हायचं प्रमाण कमी असतं, यावर बराच अभ्यास झालाय. वाचन असो की मोबाईल, दर 20 मिनिटांनी 20 फुटांवरचं काहीतरी 20 सेकंद बघायचं. अंथरुणात आडवं पडून, अंधारात, नाकाला फोन लावून बघणं अजिबात नको. आणि 2 वर्षांच्या आतल्या बाळांना जेवू घालताना फोन देता ना, तो आधी बंद करा. बालरोगतज्ज्ञांची संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना दोघीही सांगतात की दोनच्या आत स्क्रीन नकोच, 2 ते 5 मध्ये दिवसाला जास्तीत जास्त एक तास. ताईंची मुलगी मोठी आहे हे कळतंय मला, पण धागा वाचणाऱ्यांच्या घरात लहान बाळं असतात म्हणून लिहिलं.

कडेगावचा_भाऊ
पोरीला एकटीला नियम लावून काय होणार नाही. आमच्या तालुक्यातलं मोहित्यांचं वडगाव बघा. 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजतो, दीड तास गावातले सगळे टीव्ही-मोबाईल बंद, 8:30 ला परत भोंगा. ऑनलाइन शाळेपायी पोरांच्या हातात फोन गेले ते शाळा सुरू झाल्यावर पण सुटेनात, म्हणून गावानं मिळून ठरवलं. सुरुवातीला घरोघरी जाऊन सांगायला लागलं. यात मला पटलेली गोष्ट म्हणजे फोन बाप्यांचे आणि बायकांचे पण बंद. बाप सोफ्यावर रील्स बघतोय आणि पोराला म्हणतोय अभ्यास कर, असलं तिथं चालत नाही. आम्ही आमच्या गल्लीत चार घरांनी हे चालू केलंय, भोंगा नाही पण आई दिवा लावायला उठली की फोन कपाटावर.

पुण्यात_सांगलीकर
ऑस्ट्रेलियानं तर कायदाच केलाय. डिसेंबर 2025 पासून 16 च्या आतल्यांना सोशल मीडियाची खाती उघडता येत नाहीत, जबाबदारी कंपन्यांवर टाकलीय.

कडेगावचा_भाऊ
ऑस्ट्रेलिया लांब आहे ओ, वडगावला सांगलीतनं एसटी जाते.

विटेकर
आपल्याकडं पण 2025 मध्ये पैसे लावायच्या ऑनलाइन गेमवर कायद्यानं बंदी आली की. म्हणून काय पोरं थांबली? दुसऱ्या गेम हजार आहेत.

निवृत्त_गुरुजी
सर्वांस नमस्कार. मी जिल्हा परिषद शाळेत आयुष्यभर शिकवलं. मला या धाग्यात एका गोष्टीचा संताप येतो आणि तिच्यावर कुणी बोललंच नाही. बारा वर्षांच्या मुलांचे नंबर क्लासनं मागायचेच का? व्हॉट्सअ‍ॅपचं किमान वय 13 आहे, हे त्या क्लासवाल्यांना माहीत नाही काय? गृहपाठ फळ्यावर लिहावा, मुलांनी वहीत उतरवून घ्यावा. उतरवून घेताना निम्मा अभ्यास होतो. ग्रुपवर फोटो टाकला की मुलगा फोटो बघतो, वाचत नाही. फी घेता तर दहा मिनिटं फळ्यावर लिहायला काय हरकत आहे? ताई, तुम्ही जाऊन सरळ सांगा, नंबर माझा घ्या आणि गृहपाठ वहीत द्या. पाठ्यपुस्तक हरवलं तर ई-बालभारतीवर सगळी पुस्तकं फुकट आहेत, ती तुमच्या फोनवर उतरवून ठेवा, त्यासाठी मुलीला वेगळा फोन लागत नाही. आणि सुट्टीत तिला भिलारला घेऊन जा, पुस्तकांचं गाव, पाचगणी-महाबळेश्वर रस्त्यावर आहे, तुम्हाला साताऱ्याहून लांब नाही.

कृष्णाकाठी
गुरुजी एक नंबर. गृहपाठ आईच्या फोनवर, मी पण वर तेच म्हणत होते.

मोबाईलवाला_कराड
गुरुजी, जग पुढं गेलंय. उद्या सगळ्या परीक्षा ऑनलाइन होणार, पोरीला फोन चालवायला नको का यायला?

निवृत्त_गुरुजी
फोन चालवायला दोन दिवसांत येतो, माझी नात माझ्याहून भराभर चालवते. चालवायला शिकणं अवघड नाही, ठेवायला शिकणं अवघड आहे.

मोबाईलवाला_कराड
बरं बजेटच 8 असेल तर माझ्याकडं एक सेकंड हँड पीस आहे, बॅटरी नवीन टाकलीय, बिल देतो.

विटेकर
सेकंड हँड घेताना बॅटरी फुगलेली नाही ना ते मागचं झाकण बघून घ्या. आणि जुन्या अँड्रॉइडला अपडेट येत नसेल तर त्यात बँकेचं काही टाकू नका.

शाहूपुरीची_आई
सगळ्यांचे मनापासून आभार, दोन रात्री बसून सगळं वाचलं, यांनाही वाचून दाखवलं. आमचं ठरलंय. स्मार्टफोन नाही आणि बटणाचाही नाही. आमच्या घरात फायबरचं कनेक्शन आहे, त्याच्या प्लॅनमध्ये लँडलाईनचा नंबर पहिल्यापासून आहे, कॉल फुकट आहेत, फक्त आम्ही फोन कधी जोडलाच नव्हता. यांनी काल पोवई नाक्यावरून साधा वायरवाला फोन आणला, हजाराच्याही आत. राऊटरला जोडला, लागला. भिंतीवर आमचे दोघांचे, माझ्या बहिणीचे आणि 112 (तातडीची मदत), 1098 (मुलांसाठीची मदत) असे नंबर मोठ्या अक्षरात लिहून चिकटवलेत. घरी आली की ती मला कामावर फोन करते. मला ती घरी *पोचली* हे कळायला हवं होतं, आणि लँडलाईनवरून फोन आला म्हणजे पोचलीच, यापेक्षा खात्रीचं काय असणार.

क्लासमध्ये मी स्वतः गेले होते. सर आधी कुरकुरले, मग म्हणाले तुमचा नंबर घेतो. वहीचं त्यांना पटलं नाही, ग्रुपवरच टाकणार म्हणाले. मग मी संध्याकाळी तिला वाचून दाखवते, ती उतरवून घेते. दुपारी तिला वेळ मोकळा राहतो याचं मला बरंच वाटतंय. फोनचं आता नववीत बघू, तेव्हा फॅमिली लिंकचं परत विचारीन. रात्रीचं चार्जिंग मात्र कालपासूनच हॉलमध्ये सुरू केलंय, आमच्या दोघांचं.

कृष्णाकाठी
बाहेर कुठं क्लासला एकटी गेली तर? लँडलाईन काय दप्तरात घालून न्यायची आहे का? बटणाचा घ्या म्हणते मी अजून.

शाहूपुरीची_आई
क्लास चालत पाच मिनिटांवर आहे ताई, आणि सुटतो तेव्हा मी घरी आलेली असते.

पुण्यात_सांगलीकर
हे डोक्यातच आलं नव्हतं. राऊटरला कुठं जोडायचं असतं? आमच्याकडं पण प्लॅनमध्ये नंबर आहे.

शाहूपुरीची_आई
राऊटरच्या मागं नेटच्या वायरीपेक्षा लहान खाच असते, त्यावर फोन किंवा टेल असं काहीतरी लिहिलेलं असतं. तिथं लागतो. लागला नाही तर कंपनीला फोन करून नंबर चालू करून घ्यायला लागतो, आमच्यात तसंच झालं. आणि लाईट गेली की राऊटर बंद, म्हणजे फोनही बंद, त्यामुळं राऊटरसाठीचा छोटा यूपीएस लागणार आहे. तो साताऱ्यात कुठं बरा मिळेल कुणी सांगेल का? बजेट दीड हजार.

मोबाईलवाला_कराड
ताई दीड हजारात टिकणारा यूपीएस येत नाही. इन्व्हर्टरच बसवा की, एकदाच खर्च.