‘मेमेंटो’चा शेवट: टेडी खरं बोलतोय का?

मदत हवी आहे. (पाहिला नसेल तर पुढे वाचू नका.) काल ‘मेमेंटो’ (२०००) हा सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला; त्यात नवीन काही लक्षात न राहणारा लेनर्ड बायकोच्या खुन्याला शोधत असतो. रचना आता कळली: रंगीत प्रसंग उलटे, कृष्णधवल सुलटे, आणि पोलरॉइड फोटो उमटताना दोन्ही एकमेकांना भिडतात. तिथवर ठीक. पण लेनर्ड ज्या सॅमीची आणि त्याच्या मधुमेही बायकोची गोष्ट सांगत असतो, त्याच्याबद्दल लेनर्डच्या ओळखीचा टेडी शेवटी म्हणतो, सॅमीला बायकोच नव्हती, मधुमेह लेनर्डच्या बायकोला होता. मानायचं का? टेडी तर पक्का लबाड! मात्र इस्पितळात खुर्चीवर बसलेल्या सॅमीच्या जागी निमिषभर लेनर्ड दिसतो. मी तीनदा मागे नेऊन, थांबवून पाहिलं. हा पुरावा, की लेनर्डच्या डोक्यातला गोंधळ? माझी बायको म्हणते, “दिग्दर्शकालाच ठाऊक नसेल.” मला नाही पटत. घटना सरळ क्रमाने लावून कुणी पाहिलाय का? उत्तर मिळतं, की नुसती मजाच जाते?