मदत हवी आहे : एआय एजंटला ब्लास्ट कसे जोडावे?

सप्रेम नमस्कार. बडोद्यातील एका महाविद्यालयाच्या जैवतंत्रज्ञान विभागात आम्ही एआय एजंटला (साधने वापरून काम स्वतः पार पाडणाऱ्या एआय प्रणालीला) पबमेड (जैववैद्यकीय शोधनिबंधांची सूची) आणि ब्लास्ट (दिलेल्या सिक्वेन्सशी मिळतेजुळते सिक्वेन्स साठ्यातून शोधणारा प्रोग्राम) ही साधने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉलद्वारे, म्हणजे एआयला बाहेरची साधने जोडण्यासाठी अँथ्रॉपिकने २०२४ साली खुल्या केलेल्या मानकाद्वारे, जोडून पाहत आहोत. पबमेडचा शोध सुरळीत चालतो. एपीआय की (वापरकर्त्याची ओळख पटवणारा संकेत) नसल्यास सेकंदाला ३ आणि असल्यास १० विनंत्या, ही एनसीबीआयची (पबमेड व ब्लास्ट चालवणाऱ्या अमेरिकी संस्थेची) मर्यादा आमचा सर्व्हरच (एजंट आणि साधने यांना जोडणारा प्रोग्राम) सांभाळतो, एजंटच्या शहाणपणावर ती सोडलेली नाही.

अडचण ब्लास्टची आहे. तेथे प्रथिनाचा सिक्वेन्स (अमिनो आम्लांचा क्रम) पाठवल्यावर निकाल लगेच येत नाही, केवळ विनंती क्रमांक मिळतो आणि त्याची चौकशी मिनिटातून एकदाच करावी असा दंडक आहे. एजंट मात्र तेवढा धीर न धरता तोच सिक्वेन्स पुन्हा पाठवतो किंवा, हे अधिक घातक, निकाल हाती आल्यासारखे ई-व्हॅल्यू (तितकी चांगली जुळणी निव्वळ योगायोगाने किती वेळा अपेक्षित आहे, तो आकडा) स्वतःच लिहून मोकळा होतो. प्रतीक्षेचे काम पूर्णपणे सर्व्हरकडे द्यावे, की निदान स्विस-प्रॉटपुरते (तज्ज्ञांनी तपासलेल्या प्रथिनांच्या साठ्यापुरते) ब्लास्ट विभागातील संगणकावरच बसवावे? शिवाय, एजंटने दिलेला प्रत्येक आकडा मूळ निकालाशी आपोआप ताडून पाहण्याची सोय कोणी केली असल्यास तिची रचना कृपया सविस्तर कळवावी.