मदत हवी आहे : पावसाळ्यात आरसीसीबी (वीजगळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) वारंवार पडते, दोष नेमका कसा शोधावा?

नमस्कार. रत्नागिरी जिल्ह्यातील आमच्या जुन्या कौलारू घरात सिंगल फेज जोडणी असून मेन स्विचनंतर ३० मिलीअँपिअरची एकच आरसीसीबी आणि पुढे सहा सर्किटांसाठी सिंगल पोल एमसीबी (प्रवाह जादा झाल्यास सर्किट तोडणारे छोटे स्विच) आहेत. पाऊस सुरू झाल्यापासून विहिरीचा पंप किंवा मिक्सर लावताच आरसीसीबी पडते, एमसीबी मात्र एकदाही पडलेली नाही.

एकेक एमसीबी बंद करून पाहिली, पण दोषी सर्किट सापडले नाही. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडते आणि न्यूट्रल जोडलेलीच राहते, त्यामुळे कुठेतरी ओलसर भिंतीत न्यूट्रल अर्थिंगला टेकत असेल, तर परतीच्या प्रवाहाचा काही भाग जमिनीतून जाऊन आरसीसीबीला फेज-न्यूट्रलमधला फरक दिसत असावा, असा माझा तर्क आहे. माजघरातील एका स्विचबोर्डामागे हात लावला तर भिंत दमट लागते, स्क्रूंवर हिरवट थरही चढला आहे.

आरसीसीबी काढून थेट जोडणी करावी, असा सल्ला वायरमनने दिला. घरात लहान मुले असल्याने तो मला मुळीच मान्य नाही.

प्रत्येक सर्किटची न्यूट्रल सोडवून ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रोध मोजणाऱ्या उपकरणाने) न्यूट्रल-अर्थ चाचणी घेणे पुरेसे होईल का? तसेच प्रत्येक सर्किटला स्वतंत्र डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा) आरसीबीओ, म्हणजे आरसीसीबी व एमसीबी एकत्र असलेला स्विच, आणि मेनला १०० मिलीअँपिअरची, विलंबाने पडणारी आरसीसीबी बसवावी का? अनुभवी जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.