भय आणि धाक यांत फरक आहे

कुणीतरी विचारलंय, बायबलमधलं ‘देवाचं भय’ म्हणजे शिक्षेचाच धाक ना? मला बायबलच्या लेवीय पुस्तकातलं १९:१४ हे वचन आठवतं: बहिऱ्याला शिव्या देऊ नको, आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवू नको, देवाचं भय धर. एकाला ऐकू येत नाही, दुसऱ्याला दिसत नाही, म्हणजे पकडलं जायची भीतीच नाही. नेमकं तिथेच हे भय लागतं. बायबलमधल्या नहेम्या या यहूदाच्या सुभेदाराचंही तेच. आधीचे अधिकारी लोकांकडून ४० शेकेल (जुनं वजन) चांदी उकळायचे. यानं १२ वर्षं हक्काचा भत्तासुद्धा घेतला नाही.

आमची आजी भाजी विकायची. दिवेलागणीला काटा धड दिसेना, की मूठभर गवार वरून टाकायची. आम्ही हसायचो. “गिऱ्हाइकाला दिसत नाही ना, म्हणून,” एवढंच म्हणायची.