एलटीस्पाइस: डिफरन्शियल अँप्लिफायरच्या आउटपुटला साइनऐवजी चौकोनी वेव्ह

एलटीस्पाइस या सर्किट सिम्युलेटरमध्ये दोन बेसमधला फरक वाढवणारा अँप्लिफायर केलाय: दोन २एन३९०४ (एनपीएन ट्रान्झिस्टर), दोन्ही कलेक्टरला १० के (किलोओहम), सामाईक एमिटरपासून −१२ व्होल्टला ११ के, पुरवठा ±१२ व्होल्ट. एका बेसवर १ व्होल्टची साइन, दुसरा बेस ग्राउंडला. दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा कलेक्टर १२ आणि २ व्होल्टच्या आसपास नुसता उड्या मारतो. सीएमआरआरही (फरकाचा गेन भागिले दोन्ही इनपुटला सामाईक सिग्नलचा गेन) मोजायचा आहे.

उत्तर १:
सर्किट बरोबर आहे, इनपुट अवाढव्य आहे. ही जोडी जेमतेम २०-२५ मिलिव्होल्ट फरकापर्यंतच सरळ रेषेत चालते. १०० मिलिव्होल्टला जवळजवळ सगळा करंट एकाच बाजूला जातो. साइन ५ मिलिव्होल्ट ठेवा. आधी `.ऑप` (.op, सिग्नलशिवायचे स्थिर डीसी व्होल्टेज) चालवा: एमिटर −०.६५ च्या जवळ, दोन्ही कलेक्टर साधारण ७ व्होल्ट दिसायला हवेत. प्रत्येकी ०.५ मिलिअँप म्हणजे आरई (ट्रान्झिस्टरचा आतला एमिटर रोध, बाहेरचा ११ के नव्हे) ५२ ओहम, एका कलेक्टरवर गेन ९६ च्या आसपास. प्रत्यक्षात थोडा कमीच येईल.

उत्तर २:
सीएमआरआरसाठी एसी ॲनालिसिस (छोट्या सिग्नलला सर्किटचा प्रतिसाद). डिफरन्शियल गेनला दोन्ही बेसवर एसी ०.५, एकाचा फेज १८०. दोन्हीकडे १-१ टाकलंत तर फरक २ होतो आणि गेन दुप्पट दिसतो, हमखास होणारी चूक. कॉमन मोडला (दोन्ही बेसवर सारखाच सिग्नल) दोन्हीकडे १, फेज शून्य.

दोन कलेक्टरमधला फरक घेतलात तर सीएमआरआर हास्यास्पद मोठा येईल, कारण सिम्युलेटरमधले ट्रान्झिस्टर तंतोतंत जुळे असतात. एक कलेक्टर रेझिस्टर १०.१ के करा, मग आकडा ९२ डीबीच्या आसपास उतरेल.

उत्तर १:
आणि बेसला कपॅसिटरमधून सिग्नल देणार असाल तर ग्राउंडला १०० के हवाच, नाहीतर बायस करंटला (बेसमध्ये जाणारा छोटा डीसी करंट) वाटच नाही.