प्रतिसाद: केवडा पडणे

फिकटपणा आणि खुरटेपणा एकत्र सांगणारा मराठी शब्द या चर्चेत विचारलाय, आणि वरच्या प्रतिसादांत ‘किरटा’, ‘पांडुरका’, ‘खुरटा’ येऊन गेलेत. शेतातला ‘केवडा’ राहिला. फुलाचा नव्हे, पिकावर ‘पडतो’ तो. चुनखडीच्या रानात लोह मिळेनासं झालं की उसाची कोवळी पानं पिवळी-पांढरी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात आणि कांडी वाढत नाही. तिथे हिराकस (लोहाचा क्षार, फेरस सल्फेट) फवारतात. ज्वारीचा केवडा मात्र बुरशीचा, पानाखाली पांढरी भुकटी दिसते आणि कणीस भरत नाही. भेंडीचा पांढऱ्या माशीमुळे पसरणारा विषाणूचा. त्याला ‘हळद्या’ही म्हणतात. कारणं तीन, नाव एकच! दुकानात नुसतं ‘केवडा पडलाय’ सांगून औषध मागू नये, पीक आधी सांगावं.